अडीच लाख कोणत्या रस्त्यावर वसूल होतात?

रविवार, रात्र

जेवणं उरकून नव्या गाडीच्या हिशेबाची वही काढली. एकच गाडी, एकच रंग. एक साधी पेट्रोल ऑटोमॅटिक, दुसरी स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर, जी थोडा वेळ एकटीही गाडी ओढते. शोरूमवाल्याने दिलेल्या ऑन-रोड किमतींत फरक अडीच लाखांचा. आपल्या आरटीओत हायब्रिडलाही पेट्रोल गाडीचाच टॅक्स. उत्तर प्रदेशने २०२४मध्ये तो माफ केला होता, पण त्यासाठी कोथरूड सोडून लखनौला कोण जाणार!

ग्रँड विटारा, हायरायडर या गाड्यांच्या हायब्रिडचं कागदावरचं ॲव्हरेज लिटरला २७.९७ किलोमीटर. ते कागदावरच राहू दे. ऑफिसातल्या दोघांना विचारून शहरात २० धरलं, साध्या ऑटोमॅटिकला १२. हायवेवर मात्र २० विरुद्ध १६. फरक निम्म्यावर येतो तो इथे.

कारण साधं आहे. ब्रेक दाबला की मोटर चाकांच्या जोरावर वीज बनवते, बॅटरीत साठवते आणि सिग्नल सुटल्यावर तीच वीज वापरून गाडी हलवते. इंजिन तेवढा वेळ गप्प. बॅटरी किती मोठी? जेमतेम पाऊण युनिटची. म्हणजे ती सतत भरत आणि रिकामी होत राहिली तरच फायदा. वाकड ते हिंजवडी जिथे आपलं रक्त आटतं, तिथे ही गाडी कमावते. कोल्हापूरच्या रस्त्याला एकदा शंभरचा वेग धरला की ब्रेकच नाही, मग वीज कुठून येणार?

आणि माझं रनिंग बरंचसं कोल्हापूरचंच. ऑफिस आता आठवड्यातून दोनदा. वर्षाचे १२,००० किलोमीटर धरले, त्यातले ८,००० हायवेचे. पेट्रोल १०४ रुपये. बचत निघाली साधारण २४,००० रुपये. म्हणजे दहा-साडेदहा वर्षांत वसूल. ठीकच वाटलं.

बाबांना फोनवर सांगितलं. बँकेत आयुष्य गेलेला माणूस, पहिला प्रश्न, "व्याज धरलंस का?" धरलं होतं, पण मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. अडीच लाखांवर ७ टक्क्यांनी वर्षाला साडेसतरा हजार. ते धरून हिशेब केला तर वसुलीला जवळजवळ १९ वर्षं लागतात. गाडीचं रजिस्ट्रेशनच १५ वर्षांचं! बाबा काही बोलले नाहीत, "बरं, आईशी बोल" म्हणाले.

माइल्ड हायब्रिडचाही विचार झाला. तिच्यात मोटर इंजिनाला नुसता हात लावते, एकटी गाडी ओढू शकत नाही. तरी मागे हायब्रिडची पाटी झोकात. सीएनजीचा विषय बायकोने पंपावरची रांग आठवून लगेच संपवला.

वही मिटणार तेवढ्यात ही म्हणाली, "पण नवी गाडी तूच चालवणार हे कधी ठरलं?" बरोबर आहे. रोज कोथरूडहून हडपसरला ती जाते. स्वारगेट, पूलगेट, मगरपट्टा, सगळा रस्ता ब्रेकचाच. १२,००० किलोमीटर शहरातलेच धरले तर बचत ४१,६०० रुपये, आणि व्याजासकट आठ वर्षांत पैसे वसूल. हायब्रिड बॅटरीची वॉरंटीही आठ वर्षांचीच. काठावर पास.

हायब्रिडची डिकी लहान, कारण बॅटरी मागे बसते. ग्रँड विटाराच्या हायब्रिडला २६५ लिटर, साधीला ३७३. आई गुळाच्या ढेपा आणि तांदूळ भरून देते तेव्हा हा फरक चांगलाच जाणवेल. पण गावाला जुनीच न्यायची असेल तर तोही प्रश्न मिटला. जुनी मला राहणार हे तिने बोलण्याच्या ओघात उरकून टाकलं.

उद्या शोरूमवाल्याला फोन करून हायब्रिडवर काय सूट देतोस ते विचारायचं. अडीचाचे दोन झाले तर सहा वर्षांत वसूल, मग बाबांनाही सांगता येईल. नाही झाले तर मार्चअखेरपर्यंत थांबू.