क्रिस्टा त्याच, कॅब वेगळी

टुरिस्ट परमिटच्या दोन इनोव्हा क्रिस्टांचे विम्याचे कागद टेबलावर आले होते. दोन्ही पिवळ्या पाटीच्या, पुणे पासिंग, मालकही एकच. कागद घेऊन आलेला माणूस घाईत होता. "साहेब, एकीचं कोटेशन काढा, दुसरीला तेच लावा." दोन्ही आरसी, म्हणजे गाड्यांची नोंदणीपत्रं, शेजारी ठेवल्या. एकीवर वाहनवर्ग मोटर कॅब, दुसरीवर मॅक्सी कॅब.

"आरटीओत चुकलं वाटतं!" तो म्हणाला.

चुकलं नव्हतं. पहिलीत मधल्या रांगेत दोन सुट्या कॅप्टन सीट, म्हणजे 2+2+3, एकूण 7. दुसरीत मधे अखंड बाक, 2+3+3, एकूण 8. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 2(25) प्रमाणे ड्रायव्हर सोडून सहापर्यंत प्रवासी भाड्याने नेणारी गाडी ती मोटरकॅब. सहाच्या वर आणि बारापर्यंत असतील तर कलम 2(22) ची मॅक्सीकॅब. गोम अशी की आरसीवरच्या आसनसंख्येत ड्रायव्हर धरलेला असतो आणि या व्याख्यांमध्ये वगळलेला. म्हणून आरसीवर 7 असेल तर मोटरकॅब, 8 ते 13 असेल तर मॅक्सीकॅब. 'मॅक्सी' म्हटलं की लोकांना टेम्पो ट्रॅव्हलर आठवते, पण 17 आसनी ट्रॅव्हलर मॅक्सीकॅबमध्ये बसतच नाही.

विम्यात हा एक आकडा महागात पडतो. सहा प्रवाशांपर्यंतच्या गाडीचा थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानभरपाईच्या विम्याचा) दर इंजिनाच्या सीसीवर ठरतो: 1000 पर्यंत, 1500 पर्यंत, त्यापुढे. सहाच्या वर गेलं की सीसी बघायचीच नाही, दर वेगळा. शिवाय दर प्रवाशामागे वेगळी रक्कम लागते, तीही वर्गाप्रमाणे बदलते. चुकीच्या वर्गाची पॉलिसी वर्षभर कुणाला खुपत नाही. अपघात झाला की मात्र आरसी, परमिट आणि पॉलिसीवरची आसनसंख्या आधी जुळवून पाहतात, आणि क्लेम तिथेच अडतो.

"मग बाक काढून कॅप्टन सीट टाकल्या तर?" हा प्रश्न येतोच. गॅरेजवाला एका दिवसात करूनही देईल. पण मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल त्याच कायद्याच्या कलम 52 ला चालत नाही, आणि सीट बदलल्याने आरसीवरचा 8 काही आपोआप 7 होत नाही.

दुसरीचं कोटेशन नव्याने काढलं: मॅक्सी कॅब, प्रवासी 7, ड्रायव्हर वेगळा. तेव्हा त्या माणसाने पिशवीतून तिसरी आरसी काढली, पिंपरी-चिंचवड पासिंगची. तिच्यावर 8 होते. चालू पॉलिसीवर सहा प्रवासी.