तुम्ही विचारलंत म्हणून: मुलांनी कोडिंग का शिकावं?

‘आता एआय सांगेल तसा कोड लिहून देतं, मग पोरांना कोडिंग शिकवायचं कशाला?’ आईवडील हल्ली हा प्रश्न हमखास विचारतात. त्यामागे नोकरीचा हिशेब असतो आणि क्लासच्या जाहिरातींनी लावलेली धास्तीही असते. नोकरीसाठी म्हणून नऊ वर्षांच्या मुलाला कोडिंग शिकवू नका, असंच माझं स्पष्ट मत आहे. ते शिकवायचं वेगळ्या कारणासाठी. वहीत चुकलेलं गणित तपासून हातात येईपर्यंत दुसरा दिवस उजाडतो, तोवर ते सोडवताना काय विचार केला होता हे मूल विसरलेलं असतं. कोडिंगमध्ये आपला विचार नेमका कुठे घसरला ते दोन सेकंदांत डोळ्यांसमोर येतं, कुणी रागावत नाही, आणि तिथल्या तिथे दुरुस्त करता येतं.

हे कसं घडतं ते स्क्रॅचमध्ये बघा. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबने २००७ साली सर्वांसाठी खुलं केलेलं हे साधन फुकट आहे. त्यात कोड टाइप करायचा नसतो, रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडायचे असतात. खाली डावीकडच्या एक्स्टेन्शनच्या बटणातून ‘पेन’ घ्या. मग क्रमाने जोडा: हिरवा झेंडा दाबल्यावर, इरेज ऑल, पेन अप, गो टू ०, ०, पॉइंट इन डिरेक्शन ९०, पेन डाउन. त्याखाली ‘रिपीट ४’ आणि त्याच्या पोटात ‘मूव्ह १००’, ‘टर्न ९०’, ‘वेट ०.५’. पडद्यावरचं मांजर चौरस काढतं. वेट विसरलात तर आकृती क्षणात उमटते आणि मुलाला ती बनताना दिसतच नाही. इरेज ऑल विसरलं तर जुन्या रेघा तशाच राहतात, आणि ‘मी बरोबर केलं तरी चुकतंय’ अशी तक्रार येते. कामाला लागण्याआधी पाटी पुसायची, हा धडा मूल इथे आपसूक शिकतं.

आता समभुज त्रिकोण काढायला सांगा. जवळजवळ प्रत्येक मूल ‘रिपीट ३’ आणि ‘टर्न ६०’ लावतं, कारण त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा हे पाठ असतं. पडद्यावर मात्र तीन रेघांची उघडी आकृती उमटते, षटकोनाचा अर्धा भाग. इथे उत्तर सांगून टाकू नका. मुलाला उठवा आणि जमिनीवर चालायला लावा: चार पावलं पुढे, मग वळ. चालता चालता लक्षात येतं की आपण आतल्या कोनाइतके वळतच नाही. आधी ज्या दिशेने चाललो होतो तिथून नव्या दिशेकडे वळतो, आणि ते वळण १८० वजा ६०, म्हणजे १२० अंशांचं असतं. बाह्यकोन हा शब्द भूमितीच्या पुस्तकात येईल तेव्हा तो या मुलाच्या पायांना आधीच ठाऊक असेल. पडद्यावरच्या पात्राच्या जागी स्वतः चालून बघायची ही युक्ती जुनी आहे. सीमोर पॅपर्ट, वॉली फ्यूरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी १९६७ साली मुलांसाठी घडवलेल्या लोगो या प्रोग्रामिंग भाषेतून ती आली; तिथे मांजराऐवजी कासव रेघा काढायचं.

पुढे चौरसाचा तोच कोड ‘रिपीट ३६’मध्ये घाला, प्रत्येक चौरसानंतर ‘टर्न १०’ द्या आणि वेट काढून टाका, नाहीतर बसून राहावं लागेल. दारातल्या रांगोळीसारखं फूल उमलतं. ३६च का? ३६ गुणिले १० म्हणजे ३६०, एक पूर्ण फेरा. मग ‘रिपीट ५, टर्न १४४’ देऊन बघा. चांदणी निघते, आणि मांजर एक नाही तर दोन फेरे घेतं. पाचदा १४४ म्हणजे ७२०, हे मूल स्वतःच करून बघतं.

खेळ बनवताना हमखास होणारी चूकही सांगून ठेवतो. सफरचंद पकडलं की गुण १ने वाढवायचा, म्हणून मूल ‘फॉरएव्हर’ (सतत करत राहा) या ठोकळ्यात ‘इफ टचिंग’ (टेकलं तर) टाकतं. एक सफरचंद पकडलं की १५-२० गुण मिळतात! फॉरएव्हर सेकंदाला तीसएक वेळा फिरतो, आणि मांजर सफरचंदाला टेकलेलं असेपर्यंत प्रत्येक फेरीला गुण वाढतो. उपाय साधा आहे: गुण वाढवल्याबरोबर सफरचंद दुसऱ्या जागी पाठवा. तुमच्या एआयच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. कोड एआयने लिहून दिला तरी गुण का उड्या मारताहेत हे ज्याला कळत नाही, त्याला नेमकं काय दुरुस्त करून मागायचं तेही कळत नाही.

सुरुवात आठव्या-नवव्या वर्षी, आठवड्यातून दोनदा चाळीस मिनिटं, एवढं पुरे. जुना लॅपटॉप चालतो. फोनवर ठोकळे फार बारीक दिसतात. मूल अडलं तर माउस हातात घेऊ नका. ‘काय व्हायला हवं होतं? काय झालं?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. हे शिकवणाऱ्याला सगळ्यात जड जातं.

बारा-तेराव्या वर्षी पायथन ही प्रोग्रामिंग भाषा. तिथे टाइप करावं लागतं, काही ओळींच्या शेवटी लागणारा अपूर्णविराम (:) सुटतो, ओळ आत सरकवायची राहते. लाल अक्षरं दिसली की मुलं घाबरतात. संदेशाची शेवटची ओळ आधी वाचायची सवय लावा, चूक कोणत्या प्रकारची ते तिथेच लिहिलेलं असतं. पहिला ठरलेला फटका बेरजेत बसतो: ५ आणि ५ दिले तर उत्तर ५५. टाइप केलेलं वाचणारी ‘इनपुट’ ही आज्ञा जे देते तो मजकूर असतो, संख्या नाही, म्हणून दोन्ही नुसते शेजारी चिकटतात. त्याला मजकुराची पूर्ण संख्या करणाऱ्या ‘इंट’मध्ये गुंडाळलं की १० येतात. हाच इंट आपले देवनागरी आकडेही ओळखतो. मुलाला एकदा मराठी कीबोर्डवरून ५ टाइप करून बघू द्या.