बंदी आलेलं पुस्तक वाचनगटासाठी निवडायचं असेल तर

वाचनगटात कधी ना कधी कुणीतरी सुचवतंच, "या वेळी एखादं बंदी घातलेलं पुस्तक घेऊया." सूचना चांगली असते, फसते ती निवड. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी एखादी यादी काढली जाते, त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव उचललं जातं, आणि बैठकीच्या दिवशी पुस्तक राहतं बाजूला. दोन तास 'बंदी असावी की नसावी' यावर वाद रंगतो. हा वाद पुस्तक न उघडताही घालता येतो, त्यामुळे ज्यांनी वाचलेलं नसतं तेच सगळ्यात जास्त बोलतात.

म्हणून माझा निकष एकच आहे: पुस्तकासोबत त्यावरचा आक्षेपही मुळातून वाचायला मिळतो का? न्यायालयाचा निकाल असो, सरकारी आदेश असो, नाहीतर त्या काळात लिहिलेली जहरी टीका असो. आक्षेप घेणाऱ्याचे शब्द हाताशी असले की गटाला पान उघडून विचारता येतं, "हे जे म्हणतात ते इथे आहे का?" आक्षेप ऐकीव असेल तर चर्चाही ऐकीवच होते.

त्यासाठी आधी त्या पुस्तकाचं नेमकं काय झालं होतं ते शोधावं लागतं. सरकारी जप्ती हा एक प्रकार. राज्य सरकार राजपत्रात अधिसूचना काढतं, कारणं देतं आणि पुस्तकाच्या सगळ्या प्रती सरकारजमा झाल्याचं जाहीर करतं. हा अधिकार पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९५ मध्ये होता. जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ मध्ये आहे. दोन महिन्यांच्या आत उच्च न्यायालयात दाद मागता येते आणि ती तीन न्यायमूर्तींच्या खास पीठापुढे चालते. आदेश एका राज्याचा असला तरी प्रत भारतात कुठेही सापडली तर पोलीस ती ताब्यात घेऊ शकतात, हे कलमातच लिहिलेलं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये २५ पुस्तकं याच कलमाखाली जप्त ठरवली गेली. 'ते तिकडचं, आपण पुण्यात वाचतोय' असं म्हणून चालत नाही. जप्तीचा आदेश आज लागू असेल तर ते पुस्तक गटासाठी घेऊ नये आणि त्याच्या झेरॉक्स तर मुळीच वाटू नयेत.

आयातबंदीची गोष्ट वेगळी. सलमान रश्दींच्या 'द सॅटॅनिक व्हर्सेस'वर १९८८ साली सीमाशुल्क कायद्याखाली बंदी आली. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात निघालं तेव्हा ती अधिसूचनाच कुणाला सादर करता आली नाही, आणि ती अस्तित्वात नाही असंच धरावं लागेल, असं न्यायालयाने म्हटलं. इतकी वर्षं ज्या बंदीचे दाखले दिले जात होते, तिचा कागदच मिळेना. 'बंदी आहे म्हणे' या वाक्यावर कधीच थांबू नये, ते यासाठी.

मराठी वाचकाच्या जास्त जवळचे प्रकार पुढचे दोन. पहिला अश्लीलतेच्या खटल्याचा. कलम पूर्वी भारतीय दंड संहितेचं २९२, आता भारतीय न्याय संहितेचं २९४. यात पुस्तकावर सरसकट बंदी नसते. लेखक, संपादक, प्रकाशक आरोपीच्या पिंजऱ्यात असतात. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली. तिचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये न्यायालयाने ती अश्लील नसल्याचं सांगितलं. रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर ब्रिटिश काळात खटले झाले, त्यातल्या १९३४ च्या खटल्यात कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

दुसरा प्रकार निव्वळ दबावाचा. सरकारी आदेश निघत नाही, पण पुस्तक बाजारातून जातं. आनंद यादवांच्या 'संतसूर्य तुकाराम' या कादंबरीला वारकऱ्यांमधून तीव्र विरोध झाला. यादवांनी पुस्तक मागे घेतलं आणि २००९ च्या महाबळेश्वर साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाचाही राजीनामा दिला. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकात तर दबाव आणि सरकारी बंदी हे दोन्ही प्रकार एकापाठोपाठ एक आले. प्रकाशकाने ते २००३ च्या अखेरीस मागे घेतलं, जानेवारी २००४ मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, त्यानंतर सरकारने बंदी घातली. ती मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द केली आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. बंदी उठली म्हणून पुस्तक दुकानात परत येतंच असं नाही, हे इथे नीट कळतं.

गटासाठी याचा सरळ अर्थ असा: दबावाखाली गायब झालेलं पुस्तक पहिल्या वेळी घेऊ नका. बारा जणांत दोन जुन्या प्रती फिरतात, कुणाला शेवटची पानं वाचायला मिळत नाहीत, कुणीतरी कुठून तरी पीडीएफ पाठवतं, आणि चर्चेला बसलेल्या निम्म्या लोकांनी फक्त वादाच्या बातम्या वाचलेल्या असतात.

मग पहिलं पुस्तक कोणतं? मी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'कीचकवध' सुचवेन, आणि अगदी आग्रहाने सुचवेन. हे गद्य नाटक महाराष्ट्र नाटक मंडळीने १९०७ मध्ये रंगभूमीवर आणलं, १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. कथा महाभारतातल्या विराटपर्वाची: अज्ञातवासातले पांडव, सैरंध्री झालेली द्रौपदी, तिच्यावर नजर ठेवणारा सेनापती कीचक. छापील नाटकात लॉर्ड कर्झनचं नावही नाही. तरी प्रेक्षकांना कीचकात कर्झन दिसला, आणि सरकारलाही तोच दिसला.

आक्षेपही छापील मिळतो, हे तर भाग्यच. व्हॅलेंटाइन चिरोल या लंडनच्या 'टाइम्स'च्या पत्रकाराचं 'इंडियन अनरेस्ट' १९१० साली आलं. पुढे लोकमान्य टिळकांनी ज्याच्यावर विलायतेत बदनामीचा दावा लावला, तेच हे पुस्तक. त्यात 'कीचकवधा'चा उलगडा करून सांगितलाय: द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान, युधिष्ठिर म्हणजे मवाळ, भीम म्हणजे जहाल. गटाने आधी नाटक वाचावं, मग चिरोलचा तो मजकूर, आणि मग पुन्हा नाटकातले कंकभट (वेषांतरातला युधिष्ठिर) आणि बल्लव (वेषांतरातला भीम) यांचे संवाद काढून बसावं. सबुरीची भाषा कोण करतं, कोणत्या वाक्यावर थिएटर हललं असेल, सरकारी अधिकाऱ्याने कुठे खूण केली असेल, हे प्रत्येकाने पेन्सिलने आपापल्या प्रतीत टिपून आणावं. खुणा जुळवून बघताना जी चर्चा होते ती कोणत्याही तयार प्रश्नावलीने होत नाही. मजकूर वरवर राजकीय नसताना बंदी कशी येते, हा प्रश्नही मग आपसूक निघतो, आणि त्याचं उत्तर पानावर बोट ठेवून द्यावं लागतं.

शिवाय प्रतींचा प्रश्न येत नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो. खाडिलकर १९४८ मध्ये गेले, म्हणजे २००९ पासून नाटकाची संहिता खुली आहे. छापा, टाइप करा, वाटा. फक्त नव्या आवृत्तीची प्रस्तावना आणि टिपा त्या-त्या संपादकाच्या असतात, त्या उचलू नयेत. जुनी आवृत्ती मोठ्या सार्वजनिक ग्रंथालयात किंवा दुर्मीळ ग्रंथांच्या डिजिटल संग्रहांत शोधावी. स्कॅन घेतलं तर आधी सगळी पानं मोजून बघावीत. जुन्या स्कॅनमध्ये मधलीच पानं गळालेली असतात आणि ते बैठकीतच लक्षात येतं.

भाषा जुनी आहे, वाक्यं लांब आहेत. मनातल्या मनात वाचताना काहींचा धीर सुटतो. म्हणून भूमिका वाटून मोठ्याने वाचावं.

गट थोडा मुरलेला असेल, एकमेकांना दुखावल्याशिवाय भांडता येत असेल, तर पुढचं पुस्तक 'सखाराम बाइंडर'. विजय तेंडुलकरांचं हे नाटक कमलाकर सारंगांनी १९७२ मध्ये रंगभूमीवर आणलं. नाटकाची संहिता तपासून प्रयोगाला परवानगी देणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाने अडवलं, सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. या लढाईवरचं त्यांचं 'बाइंडरचे दिवस' नाटकाशेजारी ठेवून वाचता येतं. आक्षेप मुख्यतः भाषेवर आणि विवाहसंस्थेच्या अपमानावर होता. नाटक वाचायला घेतलं की गट वेगळ्याच जागी अडखळतो. लक्ष्मी मुंगळ्याशी बोलते तो प्रसंग घ्या, किंवा गणपतीच्या आरतीचा. दाऊद आरतीत सामील होतो, लक्ष्मीला ते खपत नाही, आणि त्यावरून सखाराम तिला मारतो. सहिष्णुतेच्या बाजूने उभा असलेला माणूस त्याच क्षणी बाईवर हात उगारतोय. इथे कुणाच्या बाजूने बोलायचं ते पटकन ठरत नाही, म्हणूनच या पानावर पुरेसा वेळ ठेवावा. अख्खं नाटक मोठ्याने वाचायला अडीच-तीन तास जातात; दोन बैठकांत वाटावं. तेंडुलकर २००८ मध्ये गेले, त्यामुळे हक्क अजून आहेत: प्रती विकत घ्याव्यात किंवा ग्रंथालयातून आणाव्यात. तिकीट न लावता हौशी मंडळाने केलेल्या सादरीकरणाला स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे. घरातलं वाचन घरातच ठेवावं. पोस्टर लावून, बाहेरचे प्रेक्षक बोलावून केलं की तो प्रयोग होतो आणि परिनिरीक्षणाचा विषय निघू शकतो.

वसंत दत्तात्रेय गुर्जरांची 'गांधी मला भेटला' ही कविता अनेकांच्या यादीत असते. ती मी निवडणार नाही. तिच्यावरच्या अश्लीलतेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मे २०१५ मध्ये प्रकाशकाला, त्याने आधीच माफी मागितली होती म्हणून, मोकळं केलं; कवीने मात्र खटल्याला सामोरं जावं असं सांगितलं. गटाने कविता छापून वाटण्याऐवजी निकालपत्र वाचावं. ऐतिहासिक थोर व्यक्तीचं नाव घेऊन लिहिताना अश्लीलतेची कसोटी बदलते का, यावर त्यात लांबलचक ऊहापोह आहे. निकालपत्रं न्यायालयाच्या संकेतस्थळावर किंवा 'इंडियन कानून'वर पक्षकारांच्या नावाने फुकट सापडतात; इंग्रजीत असतात, म्हणून कायद्याची ओळख असलेल्या एकाने दोन पानी मराठी सारांश करून आणावा. सारांशात परिच्छेद क्रमांक हवेतच, नाहीतर 'न्यायालयाने असं म्हटलंय' या नावाखाली काहीही खपतं.

आणखी एक अवघड पण मोलाची निवड म्हणजे गटातल्या बहुतेकांना न पटणारं पुस्तक. गोपाळ गोडसे यांचं 'गांधीहत्या आणि मी' दिल्ली प्रशासनाने १९६७ मध्ये जप्त ठरवलं होतं, मुंबई उच्च न्यायालयाने १९६९ मध्ये तो आदेश रद्द केला. निकाल बारकाईने वाचण्यासारखा आहे. आपल्याला आवडणाऱ्या पुस्तकावरची बंदी चुकीची वाटणं सोपं असतं. इथे तसं होत नाही. नवख्या गटाने मात्र याच्या वाटेला जाऊ नये.

निवड करताना तीनच नावं समोर ठेवावीत, प्रत्येकाची एका पानाची टिपणी: आवृत्ती, पानं, किंमत, किती प्रती मिळतात, कुणी कधी कोणत्या कायद्याने अडवलं, आज स्थिती काय, आक्षेप कुठे वाचता येईल. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर नाव गाळावं. मग प्रत्येकाला कारण न देता 'हे मी वाचणार नाही' असं एका व्यक्तीकडे खासगीत कळवायची मुभा द्यावी. धर्म, जात, लैंगिक अत्याचार हे विषय कुणाच्या घरापर्यंत पोचलेले असतात ते आपल्याला ठाऊक नसतं. दहा जणांत दोघांनी नकार दिला तर ते नाव त्या वेळेपुरतं मागे घ्यावं. मतदान त्यानंतर. दोनशे पानांना तीन-चार आठवडे द्यावेत.

परदेशातल्या मराठी गटांना एक सूचना. अमेरिकेत दरवर्षी झळकणाऱ्या 'बॅन्ड बुक्स' याद्यांत बहुतेक पुस्तकं शाळेच्या किंवा गावच्या ग्रंथालयातून काढावीत अशी तक्रार आलेली असतात. दुकानात ती राजरोस विकली जातात. त्या यादीतलं पुस्तक जरूर घ्यावं, पण तिथल्या तक्रारीला आपल्याकडच्या जप्तीच्या मापाने मोजू नये.

बैठक सार्वजनिक ग्रंथालयाच्या खोलीत असेल तर विश्वस्तांना पुस्तकाचं नाव आधीच सांगावं, ऐनवेळी कळलं की खोलीला कुलूप लागतं. पहिली चाळीस मिनिटं बंदीचा विषय काढायचा नाही, फक्त पुस्तक. त्यानंतर एकाने आक्षेपाची बाजू मांडायची, आक्षेप घेणाऱ्याच्याच शब्दांत, टोमणा न मारता. हे काम त्या बंदीला सगळ्यात जास्त विरोध असलेल्या माणसाकडे द्यावं, आणि त्याने मांडणी संपवेपर्यंत कुणी मध्ये बोलू नये.