जुन्या पोस्टाच्या तिकिटांचे पेन: माझा अनुभव

लेथवर (लाकूड गरगर फिरवून कापायचं मशीन) लाकडाचे पेन मी आधीपासून करतोय, पण नळीवर तिकिटं चिकटवून, वर रेझिन (ओतल्यावर घट्ट होणारं पारदर्शक प्लास्टिक) ओतून करायचं डोक्यात आलं ते मामामुळे. मामा नाशिकरोडच्या तिकिटं छापणाऱ्या प्रेसमधून रिटायर झालेला, घरात बुटाच्या खोक्यात वापरलेली तिकिटं गच्च भरलेली. चांगली तिकिटं अल्बममध्ये, खोक्यात सगळी रोजची, १९७९ नंतरच्या सिरीजमधली, म्हणजे २५ पैशांचं अंड्यातून निघणारं पिल्लू, एक रुपयाचा कापूस, दोन रुपयांचा हातमाग वगैरे. विचारलं तर म्हणाला, "ने, पण अल्बमला हात लावलास तर बघ." अल्बमला कोण हात लावणार, त्यात १९४८ चे गांधीजी आहेत. (ते तिकीट नाशिकचं नाहीच, स्वित्झर्लंडला छापून आणलेलं, हे मामा प्रत्येक पाहुण्याला ऐकवतो.) माझं सरळ मत आहे, ज्या तिकिटाला किंमत आहे ते लेथखाली घालू नये आणि तशी गरजही नाही, शिक्का बसलेलं साधं तिकीट पेनवर कोऱ्यापेक्षा भारी दिसतं.

तिकिटं पाकिटावरून काढायची तर कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवायची, ब्राऊन किंवा रंगीत पाकिटाचे तुकडे वेगळ्या भांड्यात नाहीतर त्यांचा रंग सुटून सगळीच तिकिटं पिवळी. कागद तिकिटापासून सोलायचा, तिकीट कागदापासून नाही. मागचा गोंद बोटाला बुळबुळीत लागेनासा होईपर्यंत धुवायचा, मग वर्तमानपत्रात घालून वर जाड पुस्तकं. पूर्ण वाळू द्यायची, कारण कागदात ओल राहिली तर रेझिनमध्ये बुडबुडे येतात, आणि पावसाळ्यात तर मी पॉलियुरेथेन रेझिनच्या वाटेलाच जात नाही, हवेतल्या ओलीनेही ते फसफसतं. एपॉक्सी हे दुसरं रेझिन हळू सेट होतं पण इतकी नाटकं करत नाही.

आता मापं, कारण खरी मजा इथे आहे. पेनच्या आत पितळी नळी असते आणि तिकिटं तिच्यावर गुंडाळायची. पेनचे तयार भाग किटमध्ये मिळतात, त्यातल्या स्लिमलाईन किटची नळी ७ मिमीची आणि टोकाला पेन साधारण ८.३ मिमीचा होतो, म्हणजे एका बाजूला जेमतेम ०.६ मिमी जागा. तिकिटाचा कागद अंदाजे ०.१ मिमी, एकावर एक तीन थर झाले की निम्मी जागा संपली आणि मग लेथचं कापायचं टूल थेट पिल्लाच्या डोक्यावरून जातं. म्हणून मी सिएरा किट घेतलं, त्याची नळी साडेदहा मिमीच्या आसपास, घेर ३३ मिमी. मोठं स्मारक तिकीट (एखाद्या प्रसंगानिमित्त काढलेलं) असतं ३९ बाय २९ मिमी. ते २९ ची बाजू घेराला लावून गुंडाळलं तर चार मिमी फट राहते, ३९ ची लावली तर सहा मिमी एकमेकांवर चढतं. छोटी तिकिटं मात्र कशीही तिरकी-आडवी लावा, जोड लपतो, आणि कडेचे दाते तेवढे अख्खे ठेवा, कात्रीने सरळ कापलेलं तिकीट मासिकातून कापल्यासारखं दिसतं.

नळीला आधी पांढरा रंग मारायचा हे कुणी सांगत नाही. रेझिन शिरलं की कागद पारदर्शक होतो आणि खालचं पितळ मळकट पिवळं दिसायला लागतं. रंग वाळल्यावर पातळ केलेल्या फेविकॉलने तिकिटं चिकटवली, वरूनही त्याचेच दोन पातळ हात दिले म्हणजे रेझिन कागदात शिरत नाही. काही जण वरून फेविक्विकसारखा ग्लू लावतात, चालतं, फक्त कापसाने पसरवू नका, कापसाला तो लागला की तापून धूर निघतो. शिक्क्याची शाई पसरते का ते एखाद्या फाटक्या तिकिटावर आधी बघून घ्यायचं.

नळीची दोन्ही टोकं बुचाने बंद करून साच्यात ठेवली, एपॉक्सी ओतलं आणि बुडबुडे दाबले जावेत म्हणून साचा प्रेशर पॉटमध्ये (हवेच्या दाबाचं बंद भांडं), ४० ते ५० पीएसआयवर, म्हणजे साधारण तीन बारवर, रात्रभर. पॉट म्हणजे स्प्रे पेंटिंगवाल्यांचा असतो तो. मामीने स्वयंपाकघरातला कुकर सुचवला होता, तर तो एक बारच्या आसपास शिट्टी देतो आणि एवढ्या दाबासाठी तो बनवलेलाच नसतो, त्यामुळे प्लीज नको.

लेथवर टूल एकदम धारदार हवं आणि कट अगदी हलका, रेझिनचे लांब दोरे निघत राहिले की समजायचं बरोबर चाललंय. टोकाजवळ घाई केली की टवका उडतो. सुरुवातीला सगळं पांढुरकं धुकट दिसतं, तिकीट कुठलं ते कळतही नाही. मग वॉटर पेपर (पॉलिश पेपर) ४०० नंबरपासून बारीक २००० पर्यंत, पाणी लावत लावत, कारण कोरडं घासलं तर एपॉक्सी तापून चिकट होतं. शेवटी गाडीचं रबिंग कंपाउंड. तेव्हा कुठे पिल्लू वर येतं, आणि गंमत म्हणजे गोल रेझिन भिंगासारखं काम करतं त्यामुळे ते आडवं थोडं फुगलेलं दिसतं, खाऊन-पिऊन सुखी. बारीक अक्षरांची तिकिटं म्हणूनच उगाच घेऊ नका, मोठं ठसठशीत चित्र घ्या.

पहिला पेन मामाला दिला. त्याने खिशातून भिंग काढलं, आधी दाते तपासले, मग शिक्का वाचायचा प्रयत्न केला, आणि म्हणाला, "मनमाडचा आहे. लिहितो का पण?" लिहितो. सिएराला पार्कर टाईप रिफिल बसतं, ते आमच्या कोपऱ्यावरच्या स्टेशनरीतही मिळतं, स्लिमलाईनला क्रॉस टाईप लागतं आणि ते शोधत फिरावं लागतं, तेव्हा कुणाला गिफ्ट द्यायचा असेल तर किट घेताना हेही बघा.