आजीची वाकळ

माझ्या आजीने 1998 पासून 2019 पर्यंत सलग 22 वर्षे माऊलींच्या पालखीसोबत आळंदी ते पंढरपूर अशी पायी वारी केली, आणि त्या सगळ्या वर्षांत तिच्या वळकटीत एकच वाकळ होती. 2023 च्या थंडीत आजी गेली. पुढच्या ज्येष्ठात तिच्या दिंडीच्या प्रमुखांचा निरोप आला की तिची जागा अजून कोणाला दिलेली नाही, घरातले कोणी येणार असेल तर कळवा. वडिलांचे गुडघे साथ देत नाहीत आणि आईला शेत सोडून निघता येत नव्हते, म्हणून पुण्यातल्या कार्यालयातून तीन आठवड्यांची रजा काढून मी दिंडीच्या भिशीचे, म्हणजे वाटेतल्या जेवणखर्चाचे, पैसे भरले. 29 जून 2024 रोजी, प्रस्थानाच्या दिवशी, आजीची ती वाकळ काखेत घेऊन मी आळंदीला पोहोचले.

आमचे गाव फलटण तालुक्यातले. आमच्या भागात गोधडीला वाकळ म्हणतात. आजीच्या वाकळा गावात नावाजलेल्या होत्या आणि बाळंतपणाला आलेल्या लेकींसाठी त्या मागून नेल्या जात. ओसरीवर जुनी लुगडी आणि धोतरे थरावर थर पसरून, चारी कडांना दगड ठेवून ती कापड ताणून घेत असे, आणि मग कडेपासून आत आत सरकत धावदोरा घालत असे. टाका गव्हाच्या दाण्याएवढाच पडला पाहिजे, हा तिचा नियम होता. एका कोपऱ्यातल्या त्रिकोणी तुकड्याच्या आत ती वाळलेल्या भाकरीचा कुटका शिवून टाकत असे, कारण वाकळेचे पोट भरलेले असले म्हणजे पांघरणारा उपाशी राहत नाही, असे ती म्हणत असे. चातुर्मासात याच बोटांनी ती लक्षवाती वळत असे. जेवणे आटोपल्यावर तिच्या मांडीवर कापूस असायचा आणि ओठ हलत असायचे. ती नामस्मरण करत होती की वाती मोजत होती, हे आम्हा नातवंडांना कधीच कळले नाही.

वारीची वाकळ मात्र वेगळी होती. तिचा पाया आजीच्या सासूबाईंच्या लुगड्याचा. वरच्या थरावर दर वर्षी एक नवा तुकडा चढत गेला आणि तो तुकडा घरातल्या कोणाच्या तरी वापरलेल्या कपड्याचाच असे. आजोबांच्या धोतराची किनार, वडिलांच्या शाळेच्या खाकी चड्डीचा खिसा, आत्याच्या परकराचा खण, चुलत भावाची कुंची, माझ्या फ्रॉकच्या निळ्या चौकटी. पालखी फलटणला विमानतळाच्या मैदानावर मुक्कामाला आली की आम्ही सगळे भाकऱ्यांची चवड घेऊन तळावर जात असू. घर अवघ्या काही कोसांवर असूनही आजी त्या रात्री कधी घरी आली नाही. ती आमचे चेहरे एकेक करून निरखत असे, पेरणी कुठवर आली ते विचारत असे, म्हशीला काय घालायचे ते सांगत असे आणि मग आईच्या हातून त्या वर्षीचा तुकडा मागून घेत असे. बरड ते वाखरी यादरम्यानच्या एखाद्या मुक्कामात तो शिवला जाई. संसार मागे टाकून वारीला निघावे, असे कीर्तनात अनेकदा ऐकू येते. आजीने तो घडी घालून सोबत नेला आणि तिच्या भक्तीत त्यामुळे काही उणे पडले, असे मला कधीच वाटले नाही.

2020 आणि 2021 साली साथीमुळे पायी सोहळा झाला नाही आणि माऊलींच्या पादुका एसटी बसने पंढरपूरला गेल्या. त्या दोन्ही आषाढांत आजी पहाटे अंघोळ करून तुळशीभोवती चालत असे आणि दुपारी वाकळ घेऊन बसत असे. मुक्कामांचा क्रम तिला पाठ होता. ‘आज सासवड’, ‘आज वाल्हे’, ‘आज लोणंद’ असे ती म्हणे आणि प्रत्येक मुक्कामागे टाक्यांची एक ओळ घाली. वाकळेच्या कडेला त्या ओळी आजही ओळखू येतात, कारण त्या इतर सगळ्या टाक्यांपेक्षा बारीक आहेत.

दिंडीत मला आजीचीच जागा मिळाली. राहुटीत डाव्या बाजूला दुसरी पथारी, चालताना तुळशीवाल्या बायकांच्या मागची ओळ. शेजारी कोरेगावकडच्या एक मावशी होत्या, ज्यांनी आजीसोबत सतरा वाऱ्या केल्या होत्या. त्यांनी पहिल्याच रात्री माझ्या पुढ्यात एक पत्र्याचा डबा ठेवला. त्यात सुया, दाभण, मेणाचा खडा आणि टाळांना ओवायच्या सुती दोऱ्या होत्या. आजी दिंडीची शिवणारीण होती, हे घरी आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हते. फाटलेली पताका, राहुटीची उसवलेली शिवण, पखवाजाची खोळ, एखाद्या म्हाताऱ्याच्या पिशवीचा तुटलेला बंद, सगळे तिच्याकडे येत असे. मला साधे बटण लावता येत नाही, हे मी मावशींना सांगितले तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, फक्त डबा माझ्याकडेच राहू दिला.

पुणे ते सासवड हा टप्पा सर्वांत लांब, 30 किलोमीटरांहून अधिक, आणि तो एकादशीच्या उपवासाच्या दिवशी येतो. दिवे घाट चढताना माझ्या पायांना फोड आले आणि इथून परत जावे, असा विचार मनात येऊन गेला. पण घाटात टाळांचा ठेका थांबत नाही, आणि मागच्या ओळीचा रेटा पाय आपोआप पुढे टाकायला लावतो. जेजुरीला पालखीवर भंडारा उधळला गेला तेव्हा वाकळेची वळकटी माझ्या खांद्यावर होती, आणि तो पिवळेपणा तिच्या शिवणींत अजून आहे. नीरेला पादुकांना स्नान घालून सोहळा सातारा जिल्ह्यात शिरला. आजी इथे पोहोचली की माहेरी आल्यासारखी बोलू लागायची, असे मावशी सांगत होत्या. ज्या हैबतबाबांनी पालखी सोहळ्याला आजचे रूप दिले, ते आपल्या जिल्ह्यातल्या आरफळचे, याचा तिला फार अभिमान होता.

फलटणच्या तळावर आई-वडील आले. आजी विचारत असे तसेच मीही पेरणीचे विचारले, आणि विचारताना माझा आवाज तिच्यासारखा निघाला असावा, कारण वडिलांनी मान दुसरीकडे वळवली.

माळशिरसच्या पुढे पावसाने गाठले. खुडूसच्या रिंगणात अश्व धावला तेव्हा सगळे मैदान चिखलाचे झाले होते, तरी त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणसे धावत होती. त्या रात्री ट्रकवरची ताडपत्री गळली आणि वाकळ भिजून दगडासारखी जड झाली. भंडीशेगावला ऊन पडले, तेव्हा मी ती बाभळीच्या कुंपणावर वाळत घातली आणि काढताना घाईने ओढली. काट्याने हातभर फाटली. मी तिथेच बसून रडले. इतक्या वर्षांत जिला खोंच लागली नव्हती, ती वाकळ माझ्या हातून पंधरा दिवसांत फाटली होती.

मावशी आल्या, त्यांनी वाकळ मांडीवर पसरली आणि एकेका तुकड्यावर बोट ठेवत मला विचारू लागल्या, हा कोणाचा, तो कोणाचा. मी सांगत गेले. एका फिक्या हिरव्या रेघांच्या तुकड्यापाशी मात्र मी अडखळले, तो आमच्या घरातला नव्हता.

“ह्यो माज्या धाकट्याच्या शर्टाचा हाय,” मावशी म्हणाल्या. “इहिरीत बुडून गेला त्या वर्साला मी वारीला आले न्हवते. म्होरच्या वर्साला आले, तर तुज्या आजीनं इचारलं, पोराचं काय ठेवलंय का. मी म्हनलं, एक शर्ट हाय. म्हनली, त्यातलं थोडं मला दे, त्याचीबी वारी घडल.”

त्यानंतर बराच वेळ आम्ही दोघीही काही बोललो नाही. आजीने ही गोष्ट घरी कधीच सांगितली नव्हती. चौदा वर्षे तो मुलगा आमच्या आजोबांच्या किनारीला लागून दर आषाढात पंढरीला जात होता.

वाखरीच्या मुक्कामी, जिथे सगळ्या संतांच्या पालख्या एकत्र येतात, तिथे सगळीकडून टाळांचा आवाज येत होता, आणि मी कंदिलाच्या उजेडात सुईत दोरा ओवत होते. मावशींनी दोऱ्याला मेण कसे लावायचे ते दाखवले. माझे पहिले टाके त्यांनी पाहिले आणि न बोलता उसवले. दुसऱ्यांदा घातलेलेही उसवले. “तिनं असंच केलं असतं,” एवढेच त्या म्हणाल्या. तिसऱ्या वेळी त्यांनी शिवणीवरून अंगठा फिरवला आणि कंदील बारीक केला. ती शिवण वाकडी आहे, टाके गव्हाच्या दाण्याएवढे नाहीत, पण ती धरून आहे.

पंढरपुरात चंद्रभागेचे स्नान झाले. दर्शनाची रांग फार लांब होती, म्हणून आजीच्या रिवाजाप्रमाणे नामदेव पायरीला हात लावून आणि कळसाला हात जोडून आम्ही नगरप्रदक्षिणेला निघालो. पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाल्यावर निरोप घेताना मावशींनी माझ्याकडे आजीच्या एखाद्या लुगड्याचा काठ मागितला. त्यांच्या स्वतःच्या वाकळेत एक जागा त्यांनी मोकळी ठेवली आहे.

आईने ट्रंकेतून हिरवे इरकली लुगडे काढून ठेवले आहे. त्याचा काठ पुढच्या आषाढात फलटणच्या तळावर मावशींच्या हाती द्यायचा आहे. तोवर पत्र्याचा डबा माझ्याकडे आहे आणि रोज रात्री मी एका जुन्या उशीच्या अभ्र्यावर धावदोरा घालते आहे.