कूलर बंद केल्यावर

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी दवाखान्यात फारसं कुणी येत नाही. लेकी माहेरी आलेल्या असतात, निंबाला झोके बांधलेले असतात, आणि ऊन असं की अकरानंतर रस्ता ओस पडतो. चोपड्यात माझ्या दवाखान्याला २६ वर्षं झाली. त्या दिवशी मी बाराला शटर ओढतो. गेल्या वर्षी पावणेबाराला तो आला, बायकोच्या खांद्याला धरून.

केळी कापणीच्या टोळीतला मजूर, वय ३८. घड खांद्यावर घेऊन मळ्यातून गाडीपर्यंत न्यायचा, दिवसभर तेच. दहा दिवसांपूर्वी माझ्याकडेच येऊन गेला होता. तेव्हा तापाला तीन आठवडे झाले होते, आता महिना होऊन गेला. हातातल्या पिशवीत विडालचे, म्हणजे टायफॉइडच्या तपासणीचे, तीन रिपोर्ट आणि चार वेगवेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. प्रत्येकाने दोन-तीन दिवसांचं अँटिबायोटिक दिलेलं. ताप उतरायचा, गोळ्या संपल्या की परत चढायचा.

"रातले घाम येस, कुडतं ओलं व्हस," तो म्हणाला. आणि मग दम खात, "आते जिना चढनं बी जमत नही."

दम ही तक्रार नवीन होती. दहा दिवसांपूर्वी ती नव्हती, किंवा मी विचारलं नव्हतं.

पुतणी त्या दिवशी माझ्या शेजारी बसली होती. पुण्यात इंटर्नशिप करते, सणाला आली होती. तिच्या गळ्यात इलेक्ट्रॉनिक स्टेथो. तिने तो पहिल्यांदा दाखवला तेव्हा मी हातात घेऊन पाहिला होता आणि परत दिला होता. मला वाटायचं, कान तयार असेल तर हे कशाला? आम्ही धुळ्याच्या मेडिकल कॉलेजात शिकलो तेव्हा सर एकेका पेशंटच्या छातीवर अर्धा अर्धा तास उभं करायचे. त्या कानावर माझा विश्वास होता. खरं सांगायचं तर त्या विश्वासावरच इतकी वर्षं प्रॅक्टिस केली.

मी म्हटलं, "बघ बरं तू आधी."

तिने छातीवर स्टेथो ठेवला आणि लगेच माझ्याकडे पाहिलं. "काका, मर्मर आहे. घर्र असा, सतत." मर्मर म्हणजे हृदयाच्या ठोक्यांखेरीज ऐकू येणारा जादा आवाज.

मी तिचा स्टेथो कानाला लावला. खरंच घरघर होती, आणि चांगली मोठी. पण मी पेशंटच्या मानेवरच्या नाडीवर बोट ठेवलं, तर तिचा त्या घरघरीशी काहीच मेळ लागेना. नाडी उडो न उडो, घरघर एकसारखी. हृदयातून येणारा कुठलाही आवाज ठोक्याला बांधलेला असतो. पहिल्या आवाजानंतर (लब) येईल, दुसऱ्यानंतर (डब) येईल, वाढेल, कमी होईल, पण ठोक्याला सोडून जाणार नाही. मी मान वळवून खिडकीकडे पाहिलं. कूलर.

जळगाव जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यात कूलरशिवाय ओपीडी चालवणं म्हणजे पेशंटला चक्कर आणणं. पंख्याची घरघर आणि गवताच्या जाळीवरून टपटपणारं पाणी, आपल्या कानांना त्याची इतकी सवय होते की ते ऐकूच येत नाही. इलेक्ट्रॉनिक स्टेथोला मात्र ऐकू येतं. छातीचा आवाज आत मायक्रोफोन किंवा सेन्सर पकडतो, त्याचा विजेचा संकेत होतो आणि तो कित्येक पटींनी वाढवून कानात सोडला जातो. छातीबरोबर खोलीतलं जे आत शिरेल तेही वाढतं. शर्टाची घासट, छातीवरच्या केसांची करकर, धरणाऱ्या हाताची थरथर, सगळंच. आवाज गाळायची सोय त्यात असते, पण कूलरची घरघर हृदयाच्या खालच्या पट्टीतल्या आवाजांच्याच जवळपास असते. ती पुरती गाळायची तर हृदयही गाळलं जाईल.

"कूलर बंद कर," मी कंपाउंडरला म्हटलं. "पंखाही. दार लावून घे."

खोली एकदम शांत झाली. लांबून कुठून तरी गौराईच्या गाण्याचा सूर येत होता, तोही दार लावल्यावर थांबला.

आता मी माझ्या स्टेथोने ऐकलं. बनियन वर करून, झोपवून, चारही जागांवर. लब-डब, लब-डब. दोन्ही आवाज स्वच्छ, मध्ये काही नाही. मी पुतणीला म्हटलं, "हार्ट ठीक आहे. छातीचा एक्स-रे काढू, टीबीचा विचार करू."

ती थोडी घुटमळली. मग पेशंटला म्हणाली, "भाऊ, उठून बसा. थोडं पुढे वाका. श्वास पूर्ण सोडा आणि आता घेऊ नका." स्टेथो बेलवरून डायफ्रामच्या मोडवर टाकला, म्हणजे बारीक, उंच पट्टीचे आवाज पुढे यावेत. छातीच्या हाडाच्या डाव्या कडेला, तिसऱ्या-चौथ्या फासळीच्या मधल्या जागेवर तो दाबून धरला. दहाएक सेकंद. मग तिने काही न बोलता दुसऱ्यांदा तेच करायला लावलं.

"काका, दुसऱ्या आवाजानंतर हवा सुटल्यासारखं वाटतंय. पण मशीनची स्वतःचीही एक सूं असते, तीच ऐकतेय की काय कळत नाही."

तिची ही शंका मला फार आवडली. आवाज वाढवला की सर्किटचा बारीक फुत्कार ऐकू येतो, आणि महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या, झडपेच्या गळतीचा मर्मर नेमका तसाच असतो: उंच, हलका, श्वासासारखा. फरक इतकाच की मर्मर दुसऱ्या आवाजाला चिकटून सुरू होतो आणि पुढच्या ठोक्यापर्यंत विरत जातो. सर्किटची सूं विरत नाही.

मी तिचा स्टेथो घेतला. लब, डब, आणि डबच्या पाठोपाठ कुणीतरी कानाशी हळूच 'हा' म्हणून श्वास सोडावा तसा आवाज. विरला. परत लब, डब, हा. नाडीवर बोट होतंच. प्रत्येक ठोक्याला तसंच. तिने मोबाइलवर रेकॉर्ड केलं. पडद्यावर दुसऱ्या आवाजाच्या उंच रेघेनंतर उतरत्या काट्यांची एक झालर दिसत होती, आधी उंच आणि मग निमुळती होत गेलेली.

मग त्याच जागी, त्याच बैठकीत, माझा स्टेथो. काही नाही.

त्या क्षणी मला घाम फुटला आणि तो कूलर बंद असल्यामुळे नव्हता. दहा दिवसांपूर्वीचा केस पेपर मी काढला. माझ्याच अक्षरात: सीव्हीएस, एनएडी. म्हणजे हृदयात काही दोष आढळला नाही. त्याच्या वरच्या ओळीत, तेही माझ्याच अक्षरात: बीपी १३०/५०.

वरचा आकडा आणि खालचा आकडा यांत ८० चं अंतर. महाधमनीची झडप नीट मिटत नसली की हृदय रक्त जोरात बाहेर फेकतं आणि त्यातलं काही लगेच मागे येतं, म्हणून वरचा दाब टिकतो आणि खालचा घसरतो. तापातही असं थोडंफार होतं, म्हणून मी पुढे गेलो असेन. पण तीन आठवड्यांचा ताप आणि १३०/५० हे एका कागदावर एकाखाली एक लिहिताना मी थांबायला हवं होतं. स्टेथोला काहीच ऐकू आलं नसतं तरी थांबायला हवं होतं.

बाकीचं मग भराभर सापडत गेलं, कारण आता काय शोधायचं ते माहीत होतं. लहानपणी गुडघे सुजायचे का? हो, एकदा गुडघा, मग घोटा, शाळा बुडाली होती. तापाच्या आधी काही? दाढ काढली होती, तापाच्या पंधरा दिवस आधी. खालच्या पापणीच्या आत टाचणीच्या टोकाएवढा लाल ठिपका. नखांनी मात्र आम्हाला अडवलं. केळीच्या चिकाने त्याची बोटं आणि नखं काळी पडलेली, कितीही धुतलं तरी ते डाग जात नाहीत. पुतणीने मोबाइलचा टॉर्च बोटाच्या पोटाखाली धरला. उजेड नखातून आरपार आला तेव्हा डाव्या हाताच्या दोन नखांखाली तांबूस-काळ्या उभ्या रेघा दिसल्या, लाकडाची कुसळं रुतल्यासारख्या. चिकाचा डाग वर असतो, ह्या रेघा आत होत्या.

लहानपणीच्या सांध्यांच्या तापाने झडप आधीच दुखावलेली असणार, आणि दाढ काढताना तोंडातले जंतू रक्तातून तिच्यावर जाऊन बसले असणार. झडपेवर जंतूंचा संसर्ग. एन्डोकार्डायटिस. टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, होईपर्यंत संशयच म्हणायचा, पण माझ्या मनात संशय उरला नव्हता.

"डाक्टरसाहेब, एक सलाईन तरी लाई द्या ना," त्याची बायको म्हणाली. "आंगमा ताकदच नही ऱ्हायनी यास्ना."

मी नाही म्हटलं. सलाईनही नाही आणि अँटिबायोटिकचा एक डोसही नाही. हे तिला समजावताना माझी सर्वांत जास्त ओढाताण झाली, कारण आमच्याकडे डॉक्टरने सुई लावली नाही तर त्याने काही केलंच नाही असं वाटतं. मी तिला सांगितलं, ताई, रक्तात कुठला जंतू आहे ते कळण्यासाठी वेगवेगळ्या जागेवरून तीन वेळा रक्त घ्यावं लागतं, आणि त्याच्या आधी औषध दिलं की जंतू लपतो. आधीच चार ठिकाणी औषध झालंय. आज आणखी देऊ नका, कुणी दिलं तर घेऊ नका, सरळ जळगावला जा. मी फोन करून ठेवतो. तिने मान हलवली. पटलं की नाही माहीत नाही, पण गेली. टोळीच्या मुकादमाने गाडी दिली.

ते गेल्यावर पुतणीने कपाटातून तिचा पहिल्या वर्षाचा साधा स्टेथो काढला, जो ती घरी ठेवून गेली होती. म्हणाली, "याने पण बघायला हवं होतं, काका." मग दोघांनी ठरवलं, ते अजून बसस्टँडपाशीच असतील. ती स्कूटीवरून गेली, गाडीतच त्याला पुढे वाकवून, इंजिन बंद करायला लावून ऐकलं आणि परत येऊन म्हणाली, "येतोय ऐकू. अगदी हलका. पण आहे."

साध्याच स्टेथोने. फक्त माझ्या नव्हे.

दुपारी जेवण झाल्यावर मी बादलीत पाणी घेतलं. सायकलची ट्यूब पंक्चर आहे का बघतात तसं स्टेथोची नळी पाण्यात बुडवली, छातीकडचं टोक अंगठ्याने बंद केलं आणि कानाकडून फुंकलं. जिथे एका नळीच्या दोन होतात तिथून बुडबुड्यांची बारीक माळ निघाली. सोळा वर्षं ती नळी माझ्या मानेवर होती. घाम आणि त्वचेचं तेल लागून लागून नळी कडक होते, मग तडकते. बाहेरून केसाएवढी रेघ दिसत होती. पण स्टेथो म्हणजे शेवटी हवेची बंद नळीच. १८१६ मध्ये पॅरिसला लेनेक नावाच्या डॉक्टरने कागदाची घट्ट सुरळी करून पेशंटच्या छातीला लावली, तेव्हापासून तत्त्व तेच. कुठेही फट पडली की आतला आवाज बाहेर जातो आणि बाहेरचा आत येतो. मोठे लब-डब तेवढ्यातूनही पोचतात. हलका मर्मर पोचत नाही. आणि ही गळती हळूहळू वाढते, त्यामुळे कानाला कळतच नाही की काही कमी झालंय.

पुढच्या आठवड्यात कानाच्या डॉक्टर मित्राकडे जाऊन ऑडिओग्रामही काढला. वरच्या पट्टीत ऐकणं बरंच उतरलंय, खालच्या पट्टीत थोडं. वयाने जातं ते आधी वरूनच जातं. हृदयाचे आवाज खालच्या पट्टीतले, म्हणून त्याने फार काळजी करू नकोस म्हटलं. पण माणसाचा कान मुळात तीन-चार हजार हर्ट्झच्या आसपास सर्वांत तीक्ष्ण असतो, आणि हृदयाचे बहुतेक आवाज पाचशेच्या खाली. चांगल्या कानालाही ते कठीणच जातात. माझ्यासारख्याला आवाज वाढवून मिळाला तर तो घ्यावा, असं आता मला मनापासून वाटतं.

जळगावच्या इकोत महाधमनीच्या झडपेवर जंतूंची गाठ दिसली आणि मध्यम गळती. रक्ताच्या तीनपैकी दोन बाटल्यांत तोंडात राहणाराच स्ट्रेप्टोकोकस नावाचा जंतू वाढला. सहा आठवडे शिरेतून इंजेक्शनं. खर्च महात्मा फुले योजनेत बसला, कागदपत्रांसाठी बायकोला तीनदा गावी यावं लागलं तो त्रास वेगळा.

मी आता इलेक्ट्रॉनिक स्टेथो घेतलाय, आणि नवा साधाही. सर्दी-खोकल्याच्या गर्दीत साधाच बरा. चार्जिंग नको, गळ्यातून काढला की लावला. इलेक्ट्रॉनिकचा आवाज वेगळा असतो, पहिले काही दिवस सगळेच पेशंट मला आजारी वाटत होते. नॉर्मल हृदय त्यातून कसं ऐकू येतं ते आधी कानाला शिकवावं लागलं. पण लांबलेला ताप, गरोदर बाई, दम लागणारं पोर आलं की कूलर बंद होतो, पेशंट उठून बसतो, वाकतो, श्वास सोडतो, आणि मी दोन्हींनी ऐकतो. केस पेपरवर एनएडी लिहीत नाही. 'बसून ऐकलं, मर्मर ऐकू आला नाही' असं लिहितो. दोन शब्द जास्त लागतात.

श्रावणात, आमच्या खानदेशची देवी कानबाई घरोघरी बसली त्या रविवारी, तो आला. वजन पाच किलो वाढलेलं. घड उचलायला मनाई आहे, मुकादमाने त्याला मोजणीवर बसवलंय. पाऊस नुकता थांबला होता, खोलीत कसलाच आवाज नव्हता. मर्मर होता, झडप खराब झाली ती झालीच. पुढे कधीतरी ऑपरेशन लागेल, हे त्याला माहीत आहे. मी इलेक्ट्रॉनिक स्टेथो त्याच्याच कानाला लावून दिला आणि छातीवर जागा धरली. तो बराच वेळ डोळे मिटून बसला.

"हाई काय वाजी ऱ्हायनं?" त्याने विचारलं.

मी टेबलावरच्या कागदावर झडपेचं चित्र काढायला घेतलं.