व्हिडिओ पोचतो, पण तपासलेला गृहपाठ परत येतो का?

ऑनलाइन ट्रेनिंगचा विषय निघाला की सगळी चर्चा झूम की टीम्स, एलएमएस (म्हणजे कोर्स चढवायची आणि कुणी किती केलं याची नोंद ठेवायची सिस्टीम) कुठला घ्यायचा, स्टुडिओत शूट करायचं का, यावरच अडकते. मी कामाचं ट्रेनिंग ऑनलाइन घेते, कोर्स बनवते पण, आणि माझं मत आता अगदी पक्कं झालंय की या सगळ्याच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा. शिकणाऱ्याने केलेलं काम कोण बघणार, आणि बघून त्याला काय सांगणार? याचं उत्तर नसेल तर तुमच्याकडे चांगल्या व्हिडिओंचा साठा आहे, त्याचा उपयोगही होईल लोकांना, पण त्याला ट्रेनिंग म्हणू नका.

ही काही आजची गोष्ट नाही. १८४० मध्ये ब्रिटनमध्ये एका पेनीत देशभर कुठेही पत्र पाठवायची सोय झाली आणि त्याच सुमारास आयझॅक पिटमन यांनी टपालाने शॉर्टहँड शिकवायला सुरुवात केली. विद्यार्थी बायबलमधला छोटा उतारा शॉर्टहँडमध्ये उतरवून पाठवायचे आणि तो दुरुस्त होऊन त्यांच्याकडे परत यायचा. म्हणजे दूरशिक्षणाच्या अगदी सुरुवातीलाच जाणारं टपाल होतं तसं येणारं पण होतं. पुढे ब्रिटनच्याच ओपन युनिव्हर्सिटीत १९७१ ला पहिले विद्यार्थी शिकायला लागले, बीबीसीवर लागणारे त्यांचे धडे खूप गाजले, पण विद्यार्थ्याला धरून ठेवायचं काम करायची ती ट्यूटरकडे जाणारी असाइनमेंट, जी मार्कांसोबत लेखी शेरे घेऊन परत यायची. टीव्हीचं कौतुक सगळ्यांनी केलं, शेऱ्यांबद्दल फार कुणी बोललं नाही.

मग इंटरनेट आलं आणि पाठवणं जवळजवळ फुकट झालं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने २००१ मध्ये जाहीर केलं की आमच्या कोर्सचं साहित्य जगात कुणीही मोफत बघावं, मला ही गोष्ट आजही फार मोठी वाटते, कारण तोवर असल्या नोट्स हातात यायला तिथे ॲडमिशनच मिळवावी लागायची. २०११ ला स्टॅनफर्डमधून सेबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांनी आर्टिफिशियल इंटेलिजन्सचा कोर्स सगळ्यांना खुला केला, नाव नोंदवलं सुमारे १ लाख ६० हजार लोकांनी आणि शेवटपर्यंत पोचले वीस-तेवीस हजार. यावर लोक लगेच म्हणतात बघा किती गळाले. मला तसं नाही वाटत, वीस हजार लोकांनी एवढा अवघड विषय घरी बसून पुरा करणं ही साधी गोष्ट आहे का? पण त्या कोर्सचं सगळं मार्किंग कॉम्प्युटर करत होता, उत्तर बरोबर की चूक एवढंच, आणि तो विषयच असा आहे की तिथे ते बऱ्यापैकी चालून जातं. चिडलेल्या ग्राहकाशी कसं बोलावं, तपासणीचा रिपोर्ट कसा लिहावा, टीममधल्या माणसाला त्याची चूक कशी सांगावी, हे बरोबर-चूक अशा दोन खणांत बसत नाही.

नोकरीतल्या ट्रेनिंगमध्ये तर अजून एक भानगड आहे. बऱ्याच एलएमएसमध्ये कोर्स ज्या पद्धतीने चढवतात तिला स्कॉर्म म्हणतात, साधारण २००० पासूनची आहे, आणि एका सिस्टीममध्ये बनवलेला कोर्स दुसऱ्या सिस्टीममध्ये चालावा हे तिचं खरं काम, ते ती चोख करते. पण तिच्यातून वर काय कळतं तर मुख्यतः कोर्स पूर्ण की अपूर्ण, पास की नापास, स्कोअर किती, वेळ किती लागला. आता ऑफिसमध्ये जे मोजता येतं तेच महत्त्वाचं होऊन बसतं, त्यामुळे माणसं नेक्स्ट नेक्स्ट दाबत शेवटच्या स्लाइडला पोचतात, नावापुढे हिरवी टिक येते, मॅनेजरकडे रिपोर्ट जातो की सगळ्यांचं ट्रेनिंग झालं. यात शिकणाऱ्याला दोष द्यावासा मला अजिबात वाटत नाही. त्याचं कामच जर कुणी बघणार नसेल तर त्याने तरी दुसरं काय करायचं?

एक उदाहरण सांगते. अकाउंट्समधल्या लोकांसाठी एक्सेलचा कोर्स होता, व्हिडिओ बघून झाले, क्विझमध्ये बहुतेकांना पैकीच्या पैकी, बेरजेचा फॉर्म्युला कुठला हे सगळ्यांना माहीत. मग मी एकेकाला स्क्रीन शेअर करून त्याचा खरा महिन्याचा रिपोर्ट करायला सांगितला. एक जण आकडे दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून कॉपी करून आणत होता, सम लावला की उत्तर शून्य यायचं, तर तो शांतपणे कॅल्क्युलेटर काढून बेरीज करायचा आणि उत्तर हाताने टाइप करायचा, कित्येक महिने असंच चाललं होतं. आकडे टेक्स्ट म्हणून बसले होते, सेलच्या कोपऱ्यात तो बारका हिरवा त्रिकोण पण दिसत होता, पण त्याचा अर्थ त्याला कुणी कधी सांगितलाच नव्हता. कॉलम सिलेक्ट करून कन्व्हर्ट टू नंबर केलं, बेरीज आली, आणि मग त्याने स्वतःच विचारलं की मॅडम मागच्या महिन्यांच्या शीट पण अशाच तपासू का. हा प्रश्न कुठल्याही व्हिडिओतून आला नसता, आणि क्विझमध्ये तर तो पहिल्या नंबरातच होता!

म्हणूनच मला डॉक्टरांना शिकवणारा प्रोजेक्ट इको फार जवळचा वाटतो. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याच्या युनिव्हर्सिटीतले लिव्हरचे डॉक्टर संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये तो सुरू केला. हेपटायटिस सीचे पेशंट राज्यभर विखुरलेले, अरोरांकडे अपॉइंटमेंट मिळायला महिनोन् महिने लागायचे, आणि गावाकडचे डॉक्टर हा उपचार करायला धजत नव्हते कारण औषधांचे साइड इफेक्ट जबरदस्त. अरोरांनी लेक्चरं रेकॉर्ड करून पाठवली असती तर ते पण ऑनलाइन ट्रेनिंगच म्हटलं असतं लोकांनी. त्यांनी दर आठवड्याला व्हिडिओ कॉल सुरू केला, त्यात गावातला किंवा तुरुंगातला डॉक्टर आपल्याच पेशंटची केस नाव न सांगता मांडणार, तज्ज्ञ त्यावर बोलणार, बाकीचे डॉक्टर ऐकणार आणि प्रश्न विचारणार, आणि उपचार मात्र ज्याचा पेशंट त्यानेच करायचा. २०११ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ४०७ पेशंटचा निकाल छापून आला, युनिव्हर्सिटीच्या क्लिनिकमध्ये ५७.५ टक्के लोकांवर उपचार यशस्वी झाले आणि इकोच्या ठिकाणी, म्हणजे गावांत आणि तुरुंगांत, ५८.२ टक्के. म्हणजे फरक जवळपास नाहीच. तंत्रज्ञान म्हणाल तर साधा व्हिडिओ कॉल. त्या कॉलमध्ये शिकणाऱ्याचं खरं काम मधोमध ठेवलं होतं, सगळी ताकद तिथे आहे.

व्हिडिओ वाईट असं मी म्हणत नाहीये हं. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या प्लॅटफॉर्मवरच्या कोर्सवर २०१४ मध्ये एक मोठा अभ्यास झाला होता, ६९ लाख वेळा व्हिडिओ बघितल्याच्या नोंदी तपासल्या, तर बघणारे साधारण सहा मिनिटांपर्यंत टिकतात असं दिसलं, व्हिडिओ मोठा असला तरी. तेव्हा छोटे करा, आणि भारी स्टुडिओवर खर्च करण्यापेक्षा समोर बसून समजावल्यासारखं बोला. नेट कमजोर असलेल्यांचा विचार आधी करा, आवाजाची वेगळी फाइल आणि पीडीएफ दोन दिवस आधी द्या, स्लाइडवरची अक्षरं फोनवर वाचता येतात का ते स्वतःच्या फोनवर बघा, कॅप्शन टाका, गोंगाटात बसून शिकणारे खूप असतात. आणि लाइव्ह सेशन लेक्चरमध्ये घालवू नका, लेक्चर रेकॉर्ड होऊ शकतं, प्रश्न होत नाहीत.

क्विझ पण ठेवाच, मार्कांसाठी नाही, आठवण पक्की व्हायला. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग आहे, उतारा परत वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवत होतं, पण आठवडाभराने ज्यांनी न बघता आठवून लिहिलं होतं ते पुढे गेले. कोर्स संपल्यावर आठवड्याने पाच प्रश्न पाठवणं कुठल्याही एलएमएसमध्ये जमतं, करत मात्र फार थोडे.

आता सगळ्यात अवघड मुद्दा, माणसं. काम बघायचं तर बघणारा हवा, आणि व्हिडिओ एकदा बनवला की हजारांना जातो तसं तपासणीचं होत नाही. कोर्सचं बजेट ठरवताना निम्म्याहून जास्त पैसे रेकॉर्डिंग आणि प्लॅटफॉर्मवर जातात आणि ट्यूटरसाठी उरलंसुरलं, हे उलटं करा असं मी ज्यांच्या ज्यांच्याबरोबर काम करते त्या सगळ्यांना सांगते. तपासणीचं ओझं कमी करायचे मार्ग आहेत. एकमेकांचं काम तपासायला लावा, पण आधी सगळ्यांनी मिळून एक चांगला आणि एक कच्चा नमुना तपासायचा, नाहीतर नुसतं छान छान लिहून मोकळे होतात. कस्टमर केअरवाल्यांना त्यांच्याच कॉलचं रेकॉर्डिंग ऐकून शेरा लिहायला सांगा, अगदी मिनिट-सेकंदासकट, की इथे समोरचा अजून बोलत होता आणि मी मध्येच सोल्यूशन द्यायला लागले. स्वतः लिहिलेला असा एक शेरा माझ्या दहा सूचनांपेक्षा जास्त काम करतो. ट्यूटरने मग सगळं तपासायची गरज राहत नाही, जिथे माणूस अडकलाय तेवढंच बघायचं.

ट्यूटरच्या शेऱ्याला उशीर मात्र चालत नाही. काम पाठवून तीन आठवडे झाले की माणूस पुढच्या कामात गेलेला असतो, तेव्हा आलेला शेरा कितीही चांगला असला तरी तो नुसता वाचतो आणि बाजूला ठेवतो. त्यामुळे नवीन बॅच घेताना किती लोक घ्यायचे हे मी एकाच हिशोबाने ठरवते, आमच्याकडे जेवढे ट्यूटर आहेत ते दोन दिवसांत किती जणांचं काम नीट बघून परत पाठवू शकतात, तेवढेच घ्यायचे. बाकीच्यांना पुढच्या बॅचला या म्हणून सांगते, थोडी नाराजी येते, पण ती परवडते.